सहा चौकोनांचा आकाशकंदील: चोवीस मुलांबरोबर दोन दुपारी

दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीत मुलांसाठी काहीतरी घ्यायचं म्हटलं की बहुतेक वेळा प्रत्येकाला एकेक कागद, एकेक पणती किंवा तयार साहित्याचं एकेक पाकीट वाटलं जातं. चोवीस मुलं एका हॉलमध्ये बसतात, पण काम प्रत्येक जण एकट्याने करतो. आम्ही गटाच्या कामासाठी जुन्या पद्धतीचा कामट्यांचा आकाशकंदील निवडला, तो त्याच्या घडणीमुळे. हा कंदील सहा सारख्या चौकोनांचा बनतो. त्यामुळे सहा मुलांचा गट आणि प्रत्येकाचा एक चौकोन, अशी वाटणी आपसूक होते. एकाचा जरी चौकोन वाकडा असला तरी कंदील उभा राहत नाही, म्हणून मुलं एकमेकांची मापं स्वतःहून तपासतात. चोवीस मुलं, चार गट, चार कंदील. वय सात ते बारा. प्रत्येक गटाजवळ एक मोठं माणूस हवंच, कारण कामट्या तोडणं आणि टोकं छाटणं ही कामं मुलांकडे द्यायची नाहीत.

आधी आकार समजून घेऊ. एक चौकोन खाली, एक वर आणि चार मधे, पण मधले चार कोपऱ्यावर उभे, शंकरपाळ्यासारखे. खालच्या चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याला मधल्या एकेका चौकोनाचं खालचं टोक बांधायचं. मग मधल्या चौकोनांचे शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधायचे. वर उरलेल्या चार टोकांवर शेवटचा चौकोन. झाले बारा सांधे. आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी काडी लागत नाही. बाजू 20 सेंमी धरली तर सांगाडा सुमारे 28 सेंमी उंच होतो, म्हणजे दिवा मधोमध टांगला तर कागदापासून चहूकडे 14 सेंमी किंवा जास्त लांब राहतो. यापेक्षा लहान करायचा मोह टाळावा. 12 सेंमीच्या चौकोनात लहान मुलांची बोटं मावत नाहीत आणि गाठी मारता येत नाहीत.

कामट्या बुरडाकडून आणाव्यात. पुण्यात बुरूड आळीत तासलेल्या मिळतात, मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीच्या आसपास चौकशी करावी, इतर गावांत टोपल्या-सुपं विणणारा कोणीही देतो. सांगताना माप नीट सांगायचं: लांबी 90 सेंमी, रुंदी अर्ध्या सेंमीपेक्षा थोडी कमी, जाडी दोन-अडीच मिमी. नव्वदच का, तर एका कामटीचे 22 सेंमीचे चार तुकडे पडतात आणि एका चौकोनाला बरोबर एक कामटी लागते. सहा चौकोनांच्या सहा आणि वरच्या-खालच्या कर्णाच्या काड्यांसाठी एक, अशा एका कंदिलाला सात. चार कंदिलांना अठ्ठावीस होतात, पण आणाव्यात छत्तीस. बांबूच्या पेरावर कामटी जाड असते आणि त्याच्या शेजारीच मोडते. तुकडे पाडताना पेर टोकाजवळ येणार नाही असं बघावं, कारण तिथे दोरा घट्ट बसत नाही, घसरतो.

बाकी साहित्य असं: एका कंदिलाला पतंगी कागदाचे तीन ताव (साधारण 50 बाय 75 सेंमीचे), म्हणजे चौघांचे बारा, वर चार जास्तीचे. वाण्याकडे पुड्या बांधायला वापरतात तो पांढरा सुती दोरा, कंदिलामागे वीस-बावीस मीटर. मूठभर रबर. पॉलिश पेपर. जाड पुठ्ठ्याचे चार तुकडे. आणि खळ. दिवा, होल्डर आणि वायर सोडून एका मुलामागे खर्च पंधरा रुपयांच्या आत राहतो.

खळ आदल्या दिवशी करू नये, सकाळी करावी. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा. तीन वाट्या पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात हे मिश्रण ओतून ढवळत राहायचं. पिठाचा पांढरेपणा जाऊन ते जरा काचेसारखं दिसायला लागलं की आच बंद. त्यात एक छोटा चमचा तुरटीची पूड. जुन्या लोकांना खळीत मोरचूद घालायची सवय होती, झुरळं लागत नाहीत म्हणून. मुलांचे हात तोंडात जातात आणि मोरचूद विषारी आहे, त्यामुळे इथे ते नकोच. खळ गार झाल्यावर आणखी घट्ट होते. बोटावर घेतली आणि हळूच ओघळली तर ती योग्य. गोळा होऊन बसली तर दोन चमचे कोमट पाणी. बाजारचा पांढरा डिंकही चालतो, पण तो पातळ कागदाला लगेच धरतो, कागद सरकवून नीट करायला वेळ देत नाही. खळ ती सवड देते, आणि लहान मुलांच्या कामात ही सवड फार मोलाची आहे.

पहिली दुपार सांगाड्याची. तुकडे मोठ्यांनी आधीच पाडून ठेवायचे. मुलांचं पहिलं काम पॉलिश पेपरने कडा घासणं. हे टाळलं तर पहिल्या दहा मिनिटांतच कोणाच्या तरी बोटात कूस जाते आणि तो गट तिथेच थांबतो. कूस काढायला एक चिमटा जवळ असू द्यावा. घासून झालं की प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून एक सेंमीवर पेन्सिलची खूण. खुणेवर खूण आली की मधलं अंतर बरोबर 20 सेंमी.

चौकोन हवेत धरून बांधायला मोठ्यांनाही जमत नाही. म्हणून पुठ्ठ्यावर 20 सेंमीचा चौकोन जाड पेनने काढून ठेवायचा. काड्या त्या रेषांवर मांडायच्या, कोपऱ्यावर काडीवर काडी येते, तिथे आधी रबराचे दोन-तीन फेरे. चारही कोपऱ्यांना रबर बसलं की दोऱ्याची गाठ: तिरके चार फेरे एका बाजूने, चार फेरे दुसऱ्या बाजूने, फुलीसारखे, शेवटी दोन काड्यांच्या मधून आवळून गाठ आणि गाठीवर खळीचं बोट. दर कोपऱ्याला 40 सेंमीचा दोरा पुरतो. तो आधीच कापून ठेवावा, नाहीतर मुलं अखंड रिळातून बांधत जातात आणि सगळ्या टेबलाचा गुंता होतो. सात वर्षांच्या मुलाला फुलीची गाठ येत नाही, त्याने रबर लावावं आणि शेजारच्या मोठ्याने दोरा. पण नुसत्या रबरावर सोडायचं नाही. रबर उन्हाने काही दिवसांत तडकतं आणि टांगलेला कंदील कोपऱ्यातून सुटतो.

चारही बाजू सारख्या झाल्या म्हणजे चौकोन झाला, असं मुलांना वाटतं. तो शंकरपाळ्यासारखा कललेला असू शकतो. तपासायचा सोपा उपाय: समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही अंतरं मोजायची. दोन्ही 28 सेंमीच्या किंचित वर आणि एकमेकांइतकी आली तर चौकोन खरा. कललेला असेल तर लांब कर्णाची टोकं हळूच एकमेकांकडे दाबायची. गटात हे मोजमाप फिरतं ठेवावं, म्हणजे प्रत्येकाने स्वतःचा नाही, डावीकडच्याचा चौकोन मोजायचा. वरच्या आणि खालच्या चौकोनाला एक कर्ण काडीचाच द्यायचा, 31 सेंमीचा तुकडा, आडवा बांधून. वरच्यावर पुढे दिवा टांगायचा आहे, म्हणून ती काडी जाडसर निवडावी.

आता जोडणी. खालचा चौकोन टेबलावर ठेवायचा आणि मधले चार एकेका मुलाने उभे धरायचे. पाचवं मूल दोरा गुंडाळतं, सहावं कापून देतं. आधी खालचे चार सांधे, मग शेजारचे चार, मग वरचा चौकोन ठेवून शेवटचे चार. एका सांध्याला 60 सेंमी दोरा. इथे मुलांनी काडीची पुढे आलेली टोकं आत-बाहेर कशीही अडकवली तर कोपऱ्यांत फट राहते. दोन कोपरे टोकाला टोक लावून नाही, तर एकाच्या फुलीवर दुसऱ्याची फुली ठेवून बांधायचे.

शेवटचा सांधा बांधला, हात काढले, की हमखास एक गोष्ट होते. वरचा चौकोन हळूहळू खाली येतो, खालच्यावर जाऊन बसतो आणि चार टोकं बाहेर फाकतात. "ताई, आमचा कंदील बसला!" ही हाक प्रत्येक गटातून येते. गाठी सैल होत्या म्हणून असं झालं, असं समजून मुलं पुन्हा गाठी आवळायला लागतात. गाठींचा काही दोष नाही. तीन काड्यांचा त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन सोडतो. मधले चार चौकोन मोकळे आहेत, म्हणून सांगाडा घडी होतो. हे मुलांना सांगण्याआधी त्यांना दोन-चार वेळा तो बसवू द्यावा, उठवू द्यावा. कुठला भाग हलतोय हे त्यांच्या हातांना लगेच कळतं. मग चार उरलेल्या काड्यांचा एक चौकोन आणि तीन काड्यांचा एक त्रिकोण रबराने बांधून हातात द्यावा. सगळ्या उपक्रमातली ही दहा मिनिटं आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटतात. घाईघाईने स्वतः दोरे बांधून मोकळं होऊ नये.

उपाय दोऱ्याचा. मधल्या प्रत्येक चौकोनात दोन दोरे बांधायचे, एक आडवा आणि एक उभा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आडवा दोरा टोकांना बाहेर फाकू देत नाही, त्यामुळे कंदील बसत नाही. उभा दोरा खालचा भाग लोंबू देत नाही, त्यामुळे टांगल्यावर कंदील लांबत नाही. एकच बांधला तर चुकतं: फक्त आडवा असेल तर टेबलावर छान उभा राहतो आणि टांगल्यावर दुधी भोपळ्यासारखा लांबट होतो. आधी चारही आडवे बांधावेत आणि कंदील चहूबाजूंनी सारखा दिसतो का ते बघून मगच उभे. दोरा ताणलेला हवा, पण काडीला बाक येईल इतका नाही. दिवा लागल्यावर कागदामागे ही बारीक फुली दिसते, म्हणून दोरा पांढराच घ्यावा.

सांगाडा रात्रभर सुकू द्यायचा. मग मोठ्या माणसाने कटरने किंवा मोठ्या नखकात्रीने सांध्याबाहेर आलेली टोकं अर्धा सेंमी ठेवून छाटायची. दुसऱ्या दिवशी कागद फाटतो तो बहुतेक याच टोकांवर.

दुसरी दुपार कागदाची. रंग निवडण्यावरून गटात भांडणं होतात, ती आधीच मिटवावीत: चौकोनांचा एक रंग, त्रिकोणांचा एक, शेपट्यांचा तिसरा, आणि चिठ्ठी टाकून ज्याचं नाव येईल त्याने एकेक रंग निवडायचा. एक अट मात्र घालावी. त्रिकोण पांढरे, पिवळे किंवा फिकट गुलाबी असावेत. सगळा कंदील जांभळा-निळा केला तर दिवसा सुरेख दिसतो आणि रात्री काळवंडतो, कारण तो रंग प्रकाश गिळतो.

कापायची मापं: चौकोन 23 सेंमीचे चार, एका तावात बसतात. त्रिकोण 24 सेंमी बाजूचे आठ, एक सुलटा, एक उलटा असे मांडले तर 21 सेंमीच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे एका तावात होतात. पुठ्ठ्याचा साचा करून दिला तर मुलं ताव वाया घालवत नाहीत. तिसऱ्या तावातून 2 सेंमी रुंद, 50 सेंमी लांब अशा चोवीस पट्ट्या शेपट्यांसाठी, आणि उरलेल्या 27 बाय 50 च्या तुकड्यातून 9 सेंमीचे पंधरा चौकोन सांध्यांवर लावायच्या कागदी करंज्यांसाठी. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा. खालून दिवा बदलायला हात जातो आणि वरून गरम हवा निघून जाते.

खळ काडीला लावायची, कागदाला नाही. पतंगी कागद ओला झाला की ओल्या पापडासारखा हातात येतो, आणि स्वस्त कागदाचा रंग पाण्याने सुटतो. लाल कागदाला लागलेलं बोट पांढऱ्याला लागलं की कायमचा डाग. प्रत्येक गटाला एक ओलं आणि एक कोरडं फडकं द्यावं, आणि फिकट कागद आधी, गडद नंतर लावावेत. आपल्या रंगसंगतीत याचा अर्थ त्रिकोण आधी. कंदील उलटा धरून खालचे चार त्रिकोण लावायचे, मग सुलटा करून वरचे चार, शेवटी मधले चौकोन. कागदाचे कोपरे आधी तिरके छाटले तर काडीवरून कड दुमडताना चुण्या पडत नाहीत. बांबूची हिरवट, गुळगुळीत पाठ खळ धरत नाही, म्हणून नुसता कागद वरून टेकवून चालत नाही. कड काडीभोवती वळवून आतल्या बाजूने कागदालाच चिकटवायची.

कागद ताणून लावायचा नाही. मुलांना तो ढोलकीसारखा हवा असतो, म्हणून ओढतात आणि मधोमध चरकन फाटतो. सपाट ठेवावा, थोडा सैल राहिला तरी चालतो. पूर्ण सुकल्यावर पांढऱ्या कागदावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला तर तो वाळताना स्वतःहून आवळला जातो. रंगीत कागदावर हा प्रयोग आधी तुकड्यावर करून बघावा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, दिव्यासमोर ती काळी पट्टी होऊन दिसते. त्याच कागदाचा बोटभर तुकडा खळीने लावला तर जवळजवळ दिसत नाही.

सुकवायला सावलीत दोन तास. पंखा बंद ठेवावा, नाहीतर कापून ठेवलेले त्रिकोण हॉलभर उडतात. थेट उन्हातही ठेवू नये, एका बाजूने तापलेली कामटी वाकते आणि कागद सुटतो.

या दोन तासांत करंज्या. सात-आठ वर्षांच्या मुलांचा हात इथे सगळ्यांत चांगला चालतो, सांगाड्याच्या वेळी मागे राहिलेली मुलं इथे पुढे येतात. 9 सेंमीच्या चौकोनाची समोरासमोरची दोन टोकं घडी न दाबता एकावर एक आणायची आणि खळीच्या थेंबाने चिकटवायची. पोट फुगलेलं राहायला हवं. बोटाने दाबून सपाट केली तर तो नुसता त्रिकोणी कागद राहतो. बारा सांध्यांवर बारा करंज्या बसल्या की दोऱ्याच्या गाठी झाकल्या जातात. उरलेल्या तीन चुरगळणाऱ्यांसाठी. शेपट्या खालच्या चौकोनाच्या प्रत्येक काडीला सहा, वरचा एक सेंमी काडीवरून दुमडून.

दिव्याचं काम मोठ्यांनी करायचं. 3 ते 5 वॅटचा एलईडी दिवा पुरे, जुना तापणारा 40-60 वॅटचा नको. पणती किंवा मेणबत्ती कागदी कंदिलात कधीच नको. होल्डर वरच्या कर्णाच्या काडीला दोऱ्याने दोन जागी बांधायचा, दिवा मधोमध येईल इतका खाली. कंदील वायरवर टांगायचा नाही. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना 40 सेंमीच्या चार सुतळ्या बांधून त्यांची एक गाठ करायची आणि भार त्या गाठीवर घ्यायचा, वायर शेजारून सैल न्यायची. फक्त कर्णाच्या काडीवर टांगला तर ती काडी धनुष्यासारखी वाकते. भिंतीपासून हातभर अंतर ठेवावं. ऑक्टोबरात दिवाळी आली तर परतीच्या पावसाची एखादी सर पतंगी कागदाला पुरते, तेव्हा वळचणीची जागाच बघावी.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत हा कंदील करायचा तर कामट्यांऐवजी किराणा दुकानातल्या 30 सेंमीच्या बांबूच्या बार्बेक्यू काड्या चालतात. अणकुचीदार टोक आधी कापून टाकावं आणि बाजू 20 सेंमीचीच ठेवावी. गोल काडीवर दोरा घसरतो, म्हणून फुलीखाली आधी खळीचा थेंब.

तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवला की कागद फाडून टाकायचा, वायर आणि होल्डर सोडवून घ्यायचे, आणि मधल्या चार चौकोनांतले आठ दोरे कापायचे. सांगाडा पहिल्या दुपारी बसला होता तसाच खाली बसतो आणि चार टोकांच्या चपट्या चांदणीची घडी होते, साधारण 55 सेंमीची. ती कपाटामागे उभी राहते. सांध्यांना वाळवी किंवा भुंगा लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. पुढच्या वर्षी आठ दोरे, तीन ताव आणि वाटीभर खळ इतकंच लागतं, आणि एका दुपारीत कंदील टांगता येतो.